सांडशी : शब्दाचा अर्थ, मूळ आणि गोतावळा

शेगडीवरचे तापलेले पातेले खाली उतरवण्यासाठी वापरले जाणारे, दोन पात्यांचे आणि मध्ये खिळा असलेले धातूचे साधन म्हणजे सांडशी. मराठी स्वयंपाकघरातील ही अगदी साधी वस्तू. ती दिवसातून अनेकदा हाताळली जाते, पण तिच्या नावाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः या नावामागे सुमारे तीन हजार वर्षांचा प्रवास आहे. वैदिक वाङ्मय, सुश्रुताची शल्यचिकित्सा, मीमांसकांचा तर्क आणि लोहाराचा भाता अशा ठिकाणांहून हा शब्द मराठी घरात आला आहे. युरोपातील भाषांतही त्याचे नातलग सापडतात. वस्तू पकडण्याच्या साधनांना माणसाने नावे कशी दिली, हे समजून घेण्यासाठी सांडशी हे उत्तम उदाहरण ठरते.

वस्तू एक, नावे अनेक

महाराष्ट्रात या वस्तूला सर्वत्र एकच नाव नाही. काही घरांत तिला ‘सांडशी’ म्हणतात, काही घरांत ‘पक्कड’ किंवा ‘पकड’, तर काही ठिकाणी ‘गावी’ हा शब्द ऐकू येतो. सासर आणि माहेर वेगवेगळ्या जिल्ह्यांतले असले, की एकाच स्वयंपाकघरात दोन नावे नांदतात. ‘चिमटा’ हा शब्दही अनेकदा याच अर्थाने सरसकट वापरला जातो. मात्र काटेकोरपणे पाहिल्यास चिमटा ही निराळी वस्तू आहे. एकाच पट्टीला मधोमध वाकवून तयार झालेला, पोळी किंवा पापड भाजताना उपयोगी पडणारा तो चिमटा. आणि दोन स्वतंत्र पाती खिळ्याने एकमेकांना जोडून तयार होते ती सांडशी.

सांडशीचे मोठे, पुल्लिंगी रूप म्हणजे ‘सांडस’. हातोडा आणि हातोडी, सुरा आणि सुरी यांत जसे मोठ्या-लहान आकाराचे नाते आहे, तसेच ते सांडस आणि सांडशी यांत आहे. तापून लाल झालेले लोखंड ऐरणीवर धरण्यासाठी लोहाराला लागतो तो सांडस; स्वयंपाकघरात त्याचीच धाकटी बहीण वावरते.

भारतीय स्वयंपाकघरात या साधनाला महत्त्व का आले, याचे उत्तर भांड्यांच्या घडणीत आहे. पातेले, तपेली, टोप यांना मूठ नसते. असतो तो केवळ बाहेर वळलेला काठ. त्या काठावर सांडशीची पकड बसते. म्हणजे मूठ प्रत्येक भांड्याला स्वतंत्र नसून घरातील सगळ्या भांड्यांना मिळून एकच असते, आणि ती काढता-घालता येते. अशा भांड्यांना मांडणीत एकात एक ठेवता येते, हा त्याचा आणखी एक फायदा.

‘सांडणे’शी नाते नाही

‘सांडशी’ या शब्दाची एक सोपी फोड चटकन सुचते. भांड्यातील दूध, आमटी सांडू नये म्हणून वापरायची ती सांडशी. ही फोड कानाला पटते. पण ती खरी नाही. दोन शब्दांच्या उच्चारांत साम्य दिसले, की त्यांचे मूळही एकच असेल असे मानण्याची प्रवृत्ती सर्वच भाषांत आढळते. अशा व्युत्पत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात.

‘सांडणे’ या क्रियापदाचा जुना अर्थ ‘टाकणे, सोडून देणे’ असा होता. ज्ञानेश्वरीच्या मराठीत ते याच अर्थाने वारंवार येते. त्याचे मूळ संस्कृतातील ‘छर्द्’ या धातूकडे, म्हणजे ‘बाहेर टाकणे’ या अर्थाकडे जाते. प्राकृतातून मराठीत येताना ‘छ’चा ‘स’ होतो, हे मराठीचे खास वैशिष्ट्य आहे. हिंदीतील छुरी मराठीत सुरी होते, छाल ही साल होते, छहचे सहा होतात आणि मच्छचा मासा होतो. त्याच नियमाने जुन्या हिंदीतील ‘छाँड़ना’ आणि गुजरातीतील ‘छांडवुं’ यांचा मराठी भाऊ ‘सांडणे’ ठरतो.

‘सांडशी’ या ‘सांडणे’पासून झाली असती, तर हिंदी आणि गुजरातीत तिच्या नावाच्या आरंभी ‘छ’ असायला हवा होता. प्रत्यक्षात हिंदीत ‘सँड़सी’, गुजरातीत ‘साणसी’, बंगालीत ‘साँड़ाशि’ आणि नेपाळीत ‘सनासो’ असे शब्द आहेत. यांतील एकाही भाषेत ‘छ’ नाही, सर्वत्र ‘स’च आहे. याचा अर्थ या शब्दाच्या मुळातच ‘स’ होता. शेजारच्या भाषांची ही साक्ष निर्णायक आहे.

मूळ शब्द ‘संदंश’

सांडस आणि सांडशी यांचे मूळ संस्कृत ‘संदंश’ या शब्दात आहे. ‘सम्’ म्हणजे एकत्र आणि ‘दंश्’ म्हणजे चावणे. वर-खालचे दात एकत्र येऊन जशी एखादी वस्तू घट्ट धरली जाते, तशी धरणारे साधन ते संदंश. ‘संदंशिका’ हे त्याचे लहान, स्त्रीलिंगी रूपही संस्कृतात आहे. थोडक्यात, सांडशी या शब्दाचा मूळ अर्थ ‘एकत्र चावणारी’ असा होतो. आज पक्कड, चिमटा, प्लायर या साधनांच्या पुढच्या भागाला आपण ‘जबडा’ किंवा ‘तोंड’ म्हणतो आणि त्यावरील खाचांना ‘दाते’ म्हणतो. तेव्हा नकळत हीच जुनी कल्पना पुढे चालवत असतो.

राल्फ टर्नर यांच्या भारतीय आर्यभाषांच्या तुलनात्मक शब्दकोशाने, ज्याचा मुख्य भाग १९६२ ते १९६६ या काळात प्रसिद्ध झाला, ‘संदंश’ या नोंदीखाली पाली-प्राकृतापासून आधुनिक भाषांपर्यंतचे हे सगळे गोत एकत्र मांडले आहे.

संस्कृतातून मराठीपर्यंत

संदंशची सांडशी होताना जे बदल झाले ते मनमानी नाहीत. प्रत्येक बदलामागे नियम आहे.

पहिला बदल ‘द’चा. ‘दंश्’ या धातूतील ‘द’ पाली आणि प्राकृतात ‘ड’ झाला. बाराव्या शतकातील जैन वैयाकरण हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात या बदलासाठी स्वतंत्र सूत्रच दिले आहे. पालीत संदंशचे रूप ‘संडास’ असे होते. आजच्या मराठीत त्याच उच्चाराच्या शब्दाचा अर्थ अगदी वेगळा असल्याने हे रूप वाचताना गंमत वाटते; पण पाली ग्रंथांत त्याचा अर्थ सांडस हाच आहे.

दुसरा बदल पहिल्या अक्षराचा. जोडाक्षराचा किंवा अनुस्वाराचा भार हलका होताना त्याआधीचा स्वर लांबतो, हा मराठीतील नेहमीचा प्रकार. चंद्रचा चांद झाला, दंतचा दांत झाला, तसाच ‘सं’चा ‘सां’ झाला. ‘दांत’ या शब्दावरील अनुस्वार उच्चारात उरला नाही, म्हणून १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी तो लेखनातूनही गेला आणि आपण ‘दात’ लिहू लागलो. सांडशीतील अनुस्वार मात्र आजही स्पष्ट उच्चारला जातो, म्हणून तो टिकला.

तिसरा बदल सर्वांत मनोरंजक आहे. सांडस लिहिताना ‘स’ आणि सांडशी लिहिताना ‘श’ का? संस्कृतातील ‘श’, ‘ष’, ‘स’ हे तिन्ही वर्ण महाराष्ट्री प्राकृतात ‘स’मध्ये विलीन झाले. पुढे मराठीत ‘इ’, ‘ई’ अशा स्वरांपूर्वी या ‘स’चा पुन्हा ‘श’ झाला. म्हणून म्हैस पण म्हशी, फास पण फाशी. आणि सांडस पण सांडशी. म्हणजे सांडशीतला ‘श’ हा संस्कृत ‘संदंश’मधून जसाच्या तसा उतरलेला नाही. तो मध्ये हरवला होता आणि मराठीने आपल्या नियमाने तो पुन्हा घडवला.

घराची जोडणी ते वैद्याचे यंत्र

‘संदंश’ या शब्दाचा फार जुना उल्लेख अथर्ववेदात आढळतो. नवव्या कांडातील शालासूक्तात, म्हणजे घराविषयीच्या सूक्तात, घराच्या निरनिराळ्या भागांबरोबर संदंशांचाही निर्देश आहे. घराचे वासे-खांब एकमेकांत धरून ठेवणारी जोडणी असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे या शब्दाची ओळख आपल्याला प्रथम होते ती चुलीपाशी नव्हे, तर छपरापाशी.

शल्यचिकित्सेत या शब्दाला निश्चित, पारिभाषिक अर्थ प्राप्त झाला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात १०१ यंत्रांचे वर्णन आहे. त्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्वस्तिक २४, संदंश २, ताल २, नाडी २०, शलाका २८ आणि उपयंत्रे २५. यांतील संदंशयंत्रांची लांबी १६ अंगुळे असावी आणि त्वचा, मांस, शिरा व स्नायू यांत रुतलेले शल्य काढण्यासाठी त्यांचा उपयोग करावा, असे ग्रंथात म्हटले आहे.

संदंशाचे दोन प्रकार म्हणजे ‘सनिग्रह’ आणि ‘अनिग्रह’. यांचा अर्थ सामान्यतः खिळ्याने जोडलेला आणि बिनखिळ्याचा असा लावला जातो. सांडशी आणि चिमटा यांत आज जो फरक आपण करतो, तोच येथे दिसतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात याखेरीज अवघ्या सहा अंगुळे लांबीच्या एका संदंशाचीही नोंद आहे. बारीक शल्य आणि पापणीचे त्रासदायक केस उपटण्यासाठी ते वापरावे, असे तेथे सांगितले आहे.

हाडात रुतलेले शल्य उपटण्यासाठी स्वस्तिकयंत्रे होती. ही १८ अंगुळे लांब असत आणि मसुराच्या आकाराच्या खिळ्याने मध्ये जोडलेली असत. त्यांची तोंडे सिंह, वाघ, लांडगा, अस्वल, मांजर, कावळा, घुबड, ससाणा, गिधाड अशा पशुपक्ष्यांच्या तोंडासारखी असावीत आणि त्यावरूनच त्यांना नावे द्यावीत, असा संकेत होता. त्यांत कंक पक्ष्याच्या चोचीसारखे असलेले कंकमुख यंत्र सर्वश्रेष्ठ मानले गेले. ते सहज आत जाते, शल्य घट्ट धरते आणि सहज बाहेर येते, हे त्यामागचे कारण. धरणाऱ्या साधनाची कल्पना जबड्यावरून आणि चोचीवरून केली गेली, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण. विशेष म्हणजे इतकी यंत्रे सांगणाऱ्या याच अध्यायात सर्व यंत्रांत प्रधान यंत्र हातच होय, असेही बजावले आहे. कारण हाताशिवाय एकही यंत्र चालत नाही.

तर्कात आणि नरकात

वैद्याच्या हातातून हा शब्द पंडितांच्या सभेतही गेला. यज्ञविधींचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्रात ‘संदंश’ ही एक संज्ञा आहे. एका मुख्य विधीची दोन अंगे सांगितली असतील आणि त्या दोहोंच्या मधोमध तिसरी एखादी कृती सांगितली असेल, तर ती तिसरी कृतीही त्याच मुख्य विधीचे अंग मानावी, असा हा नियम. लौगाक्षी भास्कर यांच्या ‘अर्थसंग्रह’ या प्राथमिक ग्रंथातही त्याचे विवेचन आहे. दोन पात्यांमध्ये धरलेली वस्तू जशी सुटू शकत नाही, तसे दोन विधानांमध्ये सापडलेले वाक्य त्या संदर्भातून सुटू शकत नाही. रोजच्या वापरातील साधनाने तर्काला नाव पुरवल्याचे हे सुंदर उदाहरण होय.

भागवत पुराणाच्या पाचव्या स्कंधात २८ नरकांची यादी आहे. त्यांतील एकाचे नाव ‘संदंश’ असेच आहे. सोने-रत्ने चोरणाऱ्याची कातडी तेथे तापलेल्या सांडसांनी ओढली जाते, असे वर्णन येते. लोहाराच्या भात्यापाशी उभे राहून लाल लोखंड पाहिलेल्या श्रोत्यांना ही शिक्षा वेगळी समजावून सांगावी लागत नसणार.

डास, दाढ आणि टंग्ज

‘दंश्’ या धातूची मराठीतील लेकरे पुष्कळ आहेत. ‘डसणे’ हे क्रियापद त्यापासूनच झाले. संस्कृतातील ‘दंश’ म्हणजे चावणारी माशी. तिचाच मराठीत ‘डास’ झाला. ‘दंष्ट्रा’ म्हणजे चावण्याचे साधन. प्राकृतात ती ‘दाढा’ झाली आणि मराठीत ‘दाढ’. तात्पर्य, डास, दाढ आणि सांडशी ही एकाच घरातील भावंडे आहेत. एक चावतो, दुसरी चावण्यासाठी असते आणि तिसरी चावल्यासारखे धरते.

हे नाते भारताच्या सीमेपाशी थांबत नाही. इंग्रजीत सांडशीला ‘टंग्ज’ म्हणतात, जर्मनमध्ये ‘त्सांगे’ आणि डचमध्ये ‘तांग’. भाषाशास्त्रज्ञांच्या मते या शब्दांचे मूळही ‘चावणे’ हाच अर्थ असलेल्या त्या आदिम धातूत आहे, ज्यातून संस्कृत ‘दंश्’ आणि ग्रीकमधील ‘चावणे’ या अर्थाचे क्रियापद निघाले. संस्कृतातील ‘द’च्या जागी इंग्रजीत ‘ट’ येतो, हे अनेक शब्दांत दिसते. द्वि आणि टू, दश आणि टेन, दंत आणि टूथ या जोड्या पाहिल्या म्हणजे दंश आणि टंग्ज ही जोडी त्याच रांगेत बसते. जिभेला इंग्रजीत ‘टंग’ म्हणतात तो शब्द मात्र वेगळ्या मुळाचा आहे.

अर्थात प्रत्येक भाषेने दातांचीच कल्पना घेतली असे नाही. शस्त्रक्रियेतील चिमट्याला ‘फोर्सेप्स’ म्हणतात. हा लॅटिन शब्द मुळात ‘तापलेले’ आणि ‘धरणे’ अशा दोन शब्दांपासून झाल्याचे मानले जाते. म्हणजे तोही आधी लोहाराचाच होता. ‘प्लायर’ हा शब्द ‘वाकवणे, दुमडणे’ या अर्थाच्या क्रियापदातून आला आहे. तमिळमध्ये सांडशीला ‘इडुक्की’ म्हणतात. केरळातील इडुक्की जिल्ह्याचे नाव ‘अरुंद खिंड’ या अर्थाच्या शब्दावरून पडले आहे. दोन डोंगरांच्या चिमटीतील त्याच खिंडीत पेरियार नदीवरचे कमानी धरण उभे आहे. कन्नडमध्ये सांडशीला ‘इक्कळ’ असा शब्द आहे.

पहिली सांडशी कोणी केली?

लोहाराच्या धंद्यात सांडसाशिवाय पान हलत नाही. ऐरण, घण, हातोडा आणि भाता ही सामग्री जमली, तरी तापलेले लोखंड धरायला सांडस नसेल तर काम सुरू होत नाही. पण सांडसही लोखंडाचाच. तो घडवायला आधी दुसरा सांडस हवा. मग पहिला सांडस घडला कसा?

हा प्रश्न प्राचीन काळीही लोकांना पडला होता. ज्यू धर्मपरंपरेतील ‘पिर्के आवोत’ या ग्रंथात, सृष्टिनिर्मितीच्या अखेरीस, पहिल्या शब्बाथच्या आदल्या सायंकाळी, देवाने निर्माण केलेल्या अद्भुत गोष्टींची यादी आहे. सांडशीने घडवलेली सांडशी हीसुद्धा त्यांत असल्याचे काहींचे मत तेथे नोंदवले आहे. पहिली सांडशी माणसाला घडवता येणे शक्यच नाही, तेव्हा ती देवानेच दिली असणार, असा त्यामागील तर्क. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने मात्र सांडशी, हातोडा, तरफ आणि ऐरण यांच्या शोधाचे श्रेय सायप्रसच्या किनिरास याला दिले आहे. दोन्ही कथांतून एक गोष्ट स्पष्ट होते. धरण्याचे साधन हा धातुकामाचा आरंभबिंदू आहे, याची जाण त्या काळच्या लोकांना होती.

बोटांचे शब्द, हातांचे शब्द

सांडशी दातांवरून आली, तर चिमटा बोटांवरून. चिमूट, चिमटी, चिमटणे आणि चिमटा हे सारे एकाच कुळातले शब्द. अंगठा आणि तर्जनी यांच्यात मावेल ती चिमूट, त्या दोन बोटांची जुळणी ती चिमटी आणि त्या जुळणीची धातूतली नक्कल तो चिमटा. ‘पक्कड’ ही ‘पकडणे’ या क्रियापदातून आलेली. तिच्यात ना दात आहेत ना बोटे, केवळ क्रिया आहे. कबड्डीच्या मैदानावर आणि कुस्तीच्या फडात ‘पकड’ हा शब्द माणसाच्या हातांसाठी वापरला जातो. हत्यारांच्या पेटीत जोर देऊन त्याचीच ‘पक्कड’ होते.

सुपारी फोडण्याच्या अडकित्त्याचे नाव ‘अडकणे’ या क्रियापदातून आले असावे, असे वाटण्याचा संभव आहे. पण त्याचे नाते कन्नडशी जोडले जाते. कन्नडमध्ये सुपारीला ‘अडिके’ आणि कातरीला ‘कत्तरी’ म्हणतात. हिंदी-उर्दूत खिळे उपटण्याच्या पकडीला ‘जंबूर’ असे नाव आहे. त्याच उच्चाराच्या फारसी शब्दाचा अर्थ गांधीलमाशी असा होतो. उंटाच्या पाठीवरून डागल्या जाणाऱ्या हलक्या तोफांना ‘जंबुरक’ हे नाव याच माशीवरून पडले. १७६१ च्या पानिपतच्या लढाईत अफगाण फौजेकडे त्या होत्या. आपल्याकडे डास, तिकडे गांधीलमाशी. धरणाऱ्या आणि डसणाऱ्या वस्तूंची नावे अशी पुन्हा पुन्हा जवळ येतात.

तरफेचे तीन प्रकार

या साधनांतील फरक केवळ नावाचा नाही, तो यंत्रशास्त्राचाही आहे. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तरफेच्या तीन प्रकारांची तीन उदाहरणे मराठी घरातच सापडतात.

सांडशी हा पहिला प्रकार. टेकू, म्हणजे खिळा मध्ये; एका बाजूला भांडे आणि दुसऱ्या बाजूला हात. खिळ्यापासून तोंडापर्यंतचे अंतर चार सेंटिमीटर आणि हातापर्यंतचे सोळा सेंटिमीटर असेल, तर हाताचा जोर तोंडाशी सुमारे चौपट होतो. म्हणूनच सांडशीचे दांडे लांब आणि तोंड आखूड असते.

अडकित्ता हा दुसरा प्रकार. येथे खिळा एका टोकाला, हात दुसऱ्या टोकाला आणि सुपारी मध्ये असते. यातही जोर वाढतो, म्हणून कठीण सुपारी फुटते.

चिमटा हा तिसरा प्रकार. त्याचा टेकू मागच्या वाकणात, वस्तू पुढच्या टोकाला आणि बोटे मध्ये. यात जोर वाढत नाही, उलट कमी होतो. पण बोटे थोडी हलली तरी टोके बरीच हलतात आणि नेमकेपणा मिळतो. पापड उलटायला किंवा काटा काढायला हेच हवे असते. भरलेले पातेले चिमट्याने उचलू नये, यामागचे शास्त्र हे आहे.

वाक्प्रचारांतील पकड

धरणाऱ्या साधनांनी मराठी भाषेलाही घट्ट धरले आहे. काटकसर करणारा पोटाला चिमटा घेतो. सभेत वक्ता विरोधकांना चिमटे काढतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत त्याचे मथळे होतात. दोन अडचणींत सापडलेला माणूस कात्रीत सापडतो, उत्तर न सुचणारा पेचात पडतो आणि उधळपट्टीला चाप बसतो. यांतील ‘पेच’ हा शब्द फारसी असून त्याचा अर्थ पीळ, मळसूत्र असा आहे. स्क्रू फिरवण्याच्या हत्याराला ‘पेचकस’ म्हणतात तो त्यामुळेच.

बंगाली वृत्तपत्रांत दोन्ही बाजूंनी होणाऱ्या हल्ल्याला ‘साँड़ाशि आक्रमण’ म्हणतात. मराठीत मात्र सांडशी स्वयंपाकघर आणि लोहारसाळ सोडून फारशी बाहेर पडली नाही. वाक्प्रचारांचे मैदान चिमटा आणि कात्री यांनीच मारले.

शब्द हातातून निसटू नये म्हणून

वाक्प्रचारांचा आधार नसलेला शब्द वस्तूवरच अवलंबून असतो. वस्तू बदलली की तो डळमळतो. सांडशीच्या बाबतीत नेमके हेच घडते आहे. कुकर, कढई, नॉनस्टिक तवा यांना आता मुठी असतात. मायक्रोवेव्हमधील भांडे कापडी हातमोज्याने उचलले जाते. सांडशी उरली आहे तीही दुकानात ‘पक्कड’ या नावाने मिळते आणि जेवणाच्या टेबलावर सॅलड वाढण्यासाठी ‘टंग’ हा शब्द रूढ झाला आहे. त्यांतील शेवटचा शब्द सांडशीचाच दूरचा चुलतभाऊ आहे, हे ठाऊक नसल्याने तो परका आणि आधुनिक वाटतो, तर घरातला शब्द जुनाट वाटतो.

‘पक्कड’ म्हटल्याने काम अडत नाही, हे खरे. पण पक्कड केवळ ‘धरणे’ सांगते. सांडशी त्याहून अधिक काही सांगते. ‘स’ आणि ‘श’ यांचा मराठीने केलेला अदलाबदल तिच्यात आहे, सुश्रुताच्या १६ अंगुळांच्या यंत्राची आठवण आहे आणि डास-दाढेशी असलेले रक्ताचे नाते आहे. जेम्स मोल्सवर्थ यांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, किंवा दाते-कर्वे मंडळींनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढला, तेव्हा अशा घरगुती आणि धंद्यातील शब्दांची त्यांनी आवर्जून नोंद घेतली. शब्द कोशात गेला की त्याचा अर्थ सुरक्षित होतो. मात्र त्याचा श्वास चालू राहतो तो बोलण्यात. घरोघरी भांडे उतरवताना ‘जरा सांडशी दे’ हे वाक्य ऐकू येते आहे, तोवर संस्कृतातील एका जुन्या जबड्याची पकड मराठीत सुटलेली नाही, असे म्हणता येईल.